बाजेवर बांधलेला पाटा

गाडी चालवायला मी रस्त्यावर शिकले, पण ओझं न्यायला शिकले ती आमच्या अंगणातल्या बाजेवर. बाज बाबांची होती. त्या वर्षी बाबांच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, जीभही जड झाली. तोवर पिकअप तेच चालवायचे. दुकानातून निघालेलं अवजार शेतकऱ्याच्या अंगणात नेऊन उतरवायचं, एवढाच आमच्या घरचा धंदा होता. आता गाडी कोण चालवणार, असं जो तो विचारायला लागला आणि विचारून झालं की हळूच पुस्ती जोडायचा, की घरात मुलगा नाही. हे वाक्य मी इतक्या तोंडून आणि इतक्या सुरांत ऐकलं आहे की आज लिहितानाही माझं डोकं फिरतं. मुलगा नव्हता, पण मी होते. एकोणीस वर्षांची होते, बारावी झाली होती, बाबांच्या शेजारी बसून शंभर खेपा पाहिल्या होत्या. मी लायसन्स काढलं आणि चावी खिळ्यावरून उचलली. मायने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी डबा बांधून दिला, तोही न बोलताच.

ते दिवस बीटीच्या कापसाचे होते. पाकिटातलं बियाणं आलं, बोंडअळीची कटकट मिटली असं सगळे म्हणायला लागले आणि पहिली एकदोन वर्षं कापूस खरंच असा फुटला की आमच्या सोनाळ्याची शिवारं पांढरी दिसायची. कापूस वाढला तशी घाईही वाढली. वखरावर आणि बैलावर कोणाचा धीर निघेना. बैलजोड्या बाजारात गेल्या आणि त्यांच्या जागी ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, फवारणीचे मोठे पंप आले. गोठे रिकामे झाले त्याच हंगामात आमच्या गाडीला दम घ्यायला फुरसत नव्हती, ही गोष्ट मला तेव्हाही खटकायची. पुढे रोगाने पानं लाल पडायला लागली, पावसाने दगा दिला. ज्या ज्या घरी मी हार घातलेला रोटाव्हेटर पोचवला होता, त्यातल्या दोन घरांतून, हप्ते थकल्यावर, तोच रोटाव्हेटर परत उचलून आणायलाही मीच गेले. जाताना नारळ फुटला होता, येताना घरातलं कोणी बाहेर आलं नाही. पण तो पुढचा भाग झाला. मी सांगते आहे ती गोष्ट हार घालायच्या दिवसांतली आहे.

बाबांना बोलायला कष्ट पडायचे, म्हणून ते एकेका शब्दावर भागवायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला डाव्या हाताने जवळ बोलावलं आणि म्हणाले, "पाटा." मला वाटलं, चटणी खावीशी वाटते आहे. मी लसूण सोलायला घेतला तशी त्यांनी मान हलवली आणि बाजेवर थाप मारली. दगडी पाटा बाजेवर ठेवायचा, दोराने बांधायचा आणि मग बाज अंगणभर ओढायची, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना ओट्यावर सतरंजीवर बसवून मी तसं केलं. पहिल्या दिवशी पाटा तीन वेळा घसरला. दुसऱ्या दिवशी दोन वेळा. तो पाटा मायच्या माहेरचा होता, लग्नात तिच्या थोरल्या भावाने बैलगाडीतून आणून दिलेला. जवसाची चटणी त्याच्याशिवाय जमत नाही असा तिचा हेका होता. त्यामुळे सकाळी पाटा स्वयंपाकघरात आणि दुपारी बाजेवर असं चालायचं. चटणीला दोराचा वास येतो म्हणून माय कुरकुरायची. मी म्हणायची, धुऊन ठेवला होता. धुतलेला नसायचा.

बाजेवर मी जे शिकले ते साधं आहे, पण मला अजून उपयोगी पडतं. ओझं मागे लोंबू द्यायचं नाही, केबिनच्या पाठीला टेकवून ठेवायचं, म्हणजे पुढची चाकं हलकी होत नाहीत. लोखंड लोखंडावर ठेवायचं नाही, घसरतं. लोखंडाखाली लाकूड घालायचं, बाभळीच्या जाड फळ्या. साखळी चारी कोपऱ्यांना, एकीला दुसरी छेद देईल अशी, आणि त्यात दांडा घालून पीळ द्यायचा. साखळी अडकवायची कडी गाडीच्या सांगाड्याला हवी, पत्र्याला नाही. आमच्या चारही कड्या समोरच्या करीमचाचांनी स्वतः वेल्डिंग करून दिल्या होत्या. सगळ्याच्या वरून एक नायलॉनचा दोर ताणायचा. साखळी ओझं धरते आणि दोर खबर देतो, हे बाबांनी मला तीन दिवसांत तुकड्या-तुकड्याने सांगितलं. थोडं अंतर गेल्यावर गाडी थांबवायची, खाली उतरायचं आणि दोराला टिचकी मारायची. टणकन वाजला तर पुढे जायचं. धप असा आवाज आला तर ओझं हललं आहे, एक पाऊलही जायचं नाही. आणि ओझ्याजवळ माणूस बसवायचा नाही, भले तो कोणीही असो. आजही माझ्याकडे नवा ड्रायव्हर आला की मी त्याला आधी बाज आणि दगड देते. पोरं हसतात, मोबाईलमध्ये फोटो काढतात. हसू देत. दगड घसरला की हसायचे थांबतात.

दिवाळीच्या पाडव्याला मामांनी रोटाव्हेटर घेतला. मामा म्हणजे मायचे थोरले भाऊ, सोनाळ्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. उंच, गोरे, स्वच्छ धोतर, आवाज असा की घरात शिरायच्या आधी कळायचं. माझ्या गाडी चालवण्यावर त्यांचा पहिल्यापासून राग होता. भाचीला लोक ड्रायव्हरीण म्हणतात हे त्यांना शेगावच्या बाजारात ऐकू आलं होतं. तरी भाडं घरातल्या घरात राहावं म्हणून म्हणा की बहिणीचा मान म्हणून म्हणा, अवजार आणायला त्यांनी मलाच बोलावलं. संग्रामपूरच्या दुकानात मी पोचले तेव्हा मामा आधीच आलेले होते आणि त्यांच्या पायाशी कापसाची चार गाठोडी होती, घरच्या पहिल्या वेचणीची.

मामांच्या घरात एक रीत होती. घरात येणारं नवं अवजार कापसावर बसवून आणायचं आणि घरची बहीण ओवाळणीचं ताट घेऊन त्याच्याजवळ बसून यायची. मामांच्या आजोबांनी तिफण अशीच आणली होती, वडिलांनी वखर असाच आणला होता. रीत सुंदर होती, मला आवडायची. पण तिफण एक माणूस खांद्यावर नेतो आणि रोटाव्हेटर भरतो चार क्विंटल.

"मामा, याच्याखाली फळ्या लागतीन," मी म्हणाले. "कापूस दबते. दबला का साखळ्या ढिल्या पडतात."

"फळ्या तं तू रोजच घालतं. आज पाडवा हाये, पोरी. लक्ष्मीवर लक्ष्मी बसून राह्यली, अन् तू काऊन आडवी येतं?"

दुकानातली माणसं हसली. त्यांचं काम झालं होतं, त्यांना पुढची गाडी भरायची होती. इथे मी चुकले, हे मी स्वतः लिहून ठेवते. एवढ्या माणसांत मोठ्या मामाला सणाच्या दिवशी किती अडवायचं, असं मला वाटलं आणि मी गप्प बसले. गाठोडी पसरली, त्यावर यंत्र उतरलं. मी साखळ्यांना असा पीळ दिला की हाताची सालटं निघाली. दोराला टिचकी मारली तर टणकन वाजला. मी स्वतःची समजूत घातली की चालेल.

मामा केबिनमध्ये माझ्या शेजारी बसले. वाटेत खड्डे इतके होते की रस्ता कुठे आहे ते शोधावं लागायचं. मी गाडी सावकाश घेतली आणि मामा दर खड्ड्याला सुस्कारा सोडत राहिले. सोनाळ्यात आमच्या घरासमोर पोचलो तेव्हा माय नऊवारी नेसून, ताट घेऊन दारात उभी होती. घरातून पुरण शिजल्याचा वास येत होता. तिच्या मागे पाच बाया होत्या, शांताबाई आणि तिच्या सोबतिणी. आभाळ भरून आलं होतं, फुटलेला कापूस भिजायची भीती होती, म्हणून मामांनी सणाच्याच दिवशी वेचणीला बाया सांगून ठेवल्या होत्या. त्याही याच गाडीत जायच्या होत्या, मागे, यंत्राशेजारी, मऊ कापसावर. मायने यंत्राला कुंकू लावलं, ओवाळलं आणि पदर खोचून मागे चढली. तिच्या पाठोपाठ बाया चढल्या. कापसावर बसायला मिळालं म्हणून त्या खुशीत होत्या.

मी मागे गेले आणि दोराला टिचकी मारली. धप.

मी पुन्हा मारली. मग साखळी हातात धरून हलवली. माझी मूठ साखळी आणि लोखंडाच्या मध्ये सहज गेली. कापूस दबून निम्म्यावर आला होता. यंत्राची पाती शांताबाईच्या गुडघ्यापासून वीतभरही लांब नव्हती आणि माझी माय त्याच्या मागे, गाडीच्या मागच्या फाळक्याला पाठ टेकून बसली होती. पुढे नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, होता आणि रपटा ओलांडला की मामांच्या गावापर्यंत उभा चढ. चढाला ओझं मागे येतं. मागे कोण बसलं आहे ते मला दिसत होतं.

"सगळ्या जणी उतरा," मी म्हणाले.

मामा केबिनमधूनच म्हणाले, "काय झालं आता?"

"ढिलं पडलं. यंत्र उतरवून फळ्या घालाव्या लागतीन. अन् मागं कोणी बसणार नाई."

मामा उतरले. त्यांनी साखळी पाहिली, ताणून पाहिली आणि म्हणाले, "अजून एक पीळ दे अन् चाल. मुहूर्त निघून जाते."

"पीळ देऊन दोन खड्डे टिकीन. कापूस अजून दबीन."

"तुले मालूम हाये का मले? कापसात जलम गेला माहा."

"कापसातलं तुम्हाले मालूम. ओझ्यातलं मले मालूम."

असं मी म्हणाले. घरासमोर, शेजाऱ्यांसमोर, बायांसमोर. मामांचा चेहरा लाल झाला. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त हात पुढे केला.

"चावी दे. सोनाळ्यात ड्रायव्हर काय कमी हायेत? अन् आजपासून हे सोंग बंद. जवाईबापू," ते ओट्याजवळच्या बाजेकडे वळून म्हणाले, "या पोरीले आता घरात बसवा. मी गाडीवर माणूस लावून देतो."

"चावी देत नाई," मी म्हणाले. "मले घरात बसवा, नाईतं गावाबाहेर काढा. पण जोवर माय मागं बसली हाये, तोवर ही गाडी मी हलू देत नाई."

माय गाडीतून म्हणाली, "कुंदे, मोठ्या माणसाशी असं बोलतात का वं? ऐक न दादाचं." तिच्या हातातल्या ताटात निरांजन अजून जळत होतं. मला रडू येत होतं आणि रडले तर हरले हेही कळत होतं. चावी मी मुठीत इतकी घट्ट धरली होती की तिचे दात तळव्यात उमटले.

तेव्हा बाबा बोलले. "पा...टा," ते म्हणाले.

मामांना वाटलं ते बरळत आहेत. मला कळलं. मी घरात गेले, पाटा उचलून आणला. समोरून करीमचाचा हातातलं काम टाकून आले होते, त्यांनी आणि मी बाबांना उचलून ओट्यावर बसवलं. रिकामी बाज अंगणाच्या मधोमध ओढली. मग मी मामांना म्हणाले, "हा पाटा बाजेवर ठेवा. खाली तुमचा कापूस घाला. तुमच्या हातानं बांधा, जितका घट्ट बांधता येईन तितका. बाज मी ओढते. पाटा हालला नाई तं चावी तुमची. मी पुन्हा गाडीले हात लावणार नाई."

शांताबाई हसत म्हणाली, "बांधा न पाटील, एका पाट्यानं काय होते." बाया गाडीतून उतरून गोल करून उभ्या राहिल्या. मामांना नाही म्हणायला जागा उरली नाही. त्यांनी गाठोड्यातला कापूस काढला, पाट्याखाली चांगला हातभर थर घातला आणि बैलाच्या कासऱ्याने पाटा बांधला. मी खोटं बोलणार नाही, बांधला उत्तम. माझ्यापेक्षा घट्ट. त्या हातांनी चाळीस वर्षं बैल बांधले होते. त्यांनी कासऱ्याला टिचकी मारली, तो टणकन वाजला आणि मामांनी माझ्याकडे पाहिलं.

मी बाज ओढायला लागले. अंगणात फरशी नव्हती, दगडगोटे होते. एक फेरी झाली, काही झालं नाही. मामा मिशीवरून हात फिरवत होते. दुसऱ्या फेरीला बाजेचा पाय गोट्यावर चढला आणि आपटला. तिसऱ्या फेरीला मी बाज ओट्याच्या पायऱ्यांवर घेतली, रपट्यानंतरचा चढ जसा असतो तशी. माझ्या बाजूचे पाय वर, मागचे खाली. पाटा आधी जरासा सरकला. कासरा त्याच्यावर नुसता पडून होता. मग पाटा निघाला तो थांबला नाही, बाजेच्या कडेवरून सुटला आणि खालच्या पायरीच्या कोपऱ्यावर पडून त्याचे दोन तुकडे झाले.

पुरण खाली लागल्याचा वास आला, तरी कोणी आत गेलं नाही. माय गाडीतच होती, एकटी तीच उतरली नव्हती, रीत होती ना. तिने ताट बाजूला ठेवलं आणि खाली उतरली. येऊन पाट्याजवळ बसली. दोन्ही तुकडे जुळवून पाहिले, मधली कपची गेली होती. तिने वर पाहिलं ते माझ्याकडे नाही, भावाकडे.

"दादा," ती गाडीच्या मागच्या भागाकडे बोट करून म्हणाली, "मी तठीच बसली होती न."

मामा खाली पडलेला कासरा गोळा करायला लागले.

"करीमभाऊ," माय उठत म्हणाली, "ते यंत्र उतरवा गाडीतून. पोरगी सांगते तसं करा."

समोरच्या लिंबाला करीमचाचांची कप्पी टांगलेली असायची. त्या कप्पीने यंत्र उचललं, गाठोडी निघाली, फळ्या आल्या. चाचा साखळी ओढताना एवढंच म्हणाले, "बेटी, दुकानावरच अडून बसाचं होतं." ते खरं होतं आणि ते मला लागलं, मामांच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त. बाया आपल्या डोक्यावर गाठोडी घेऊन बसथांब्याकडे निघाल्या. माय केबिनमध्ये मधोमध बसली, मांडीवर ताट. मामा तिच्या पलीकडे. रपटा मी पहिल्या गियरमध्ये उतरले आणि पहिल्याच गियरमध्ये चढले. वर सपाटीला गाडी थांबवून खाली उतरले, दोराला टिचकी मारली आणि परत येऊन बसले. मामांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांच्या गावात उतरताना मामा म्हणाले, "भाडं घे," आणि मी म्हणाले, "घेईन न," आणि घेतलं.

त्यांच्यामाझ्यात महिना दीड महिना बोलणं नव्हतं. घरी माय पाट्याच्या मोठ्या तुकड्यावर चटणी वाटायची. वरवंटा एका बाजूने खाली घसरायचा, तरी नवा पाटा घेऊ म्हटलं की नको म्हणायची. बाबांनी मला त्या दिवसाबद्दल काहीच विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी बाजेवर थाप मारून म्हणाले, "दगड... दुसरा," आणि मी नदीतला एक गुळगुळीत धोंडा आणून ठेवला. गावात मला ड्रायव्हरीण म्हणणारे म्हणतच राहिले. फरक एवढाच पडला की अवजार भरताना ते विचारायला लागले, फळ्या पुरतील का.

मग एकदा त्याच बाजूला फवारणीचा मोठा पंप पोचवायचा होता. परत येताना मामांच्या घरासमोर त्यांनीच हात करून गाडी थांबवली. "दहा मिनटं थांब," म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, जुनं काही उकरून काढतील. मी केबिनमध्येच बसून राहिले, उत्तरं जुळवत. मागून काहीतरी ठेवल्याचा आवाज आला, मग दोर ओढल्याचा. बऱ्याच वेळाने मामा खिडकीशी आले, हात धोतराला पुसत.

"शेगावाहून पाटा आणला. तुह्या मायले दे."

मी उतरून मागे गेले. नवा कोरा पाटा होता, टाकीचे घाव अजून पांढरे. खाली बाभळीची फळी होती. केबिनच्या पाठीला टेकवून ठेवला होता आणि वरून दोर, दोन्ही बाजूंच्या कड्यांना. मामांचे दोन गडी वखराजवळ उभे राहून पाहत होते. मामांनी आभाळाकडे पाहिल्यासारखं केलं.

"वाजवून पाह्य," ते म्हणाले.

मी टिचकी मारली. धप असा आवाज आला. वीस किलोचा दगड होता, कुठे जाणार नव्हता, आणि फळीवर बसवला होता म्हणजे माझं म्हणणं त्यांनी मान्य केलंच होतं. हो म्हणून निघता आलं असतं. दुकानात मी तसंच केलं होतं.

"सैल हाये, मामा," मी म्हणाले. "सोडा अन् पुन्हा बांधा."

गडी एकमेकांकडे पाहायला लागले. मामांनी बाह्या वर सारल्या आणि वाकून गाठ सोडायला घेतली.